तुपाच्या डब्याचे मतदान अधिकारी

नव्या वर्षाचा रजेचा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लागला की महिना लिहायला मी अजूनही सगळ्यांत शेवटी जातो. घरी कधी जायचं ते जानेवारीतच लिहून द्यायचं, मग त्यात बदल नाही. बाकीचे लोक घरातलं लग्न, पोरांची सुट्टी किंवा आंबे बघून महिना लिहितात. मी पेन धरून उभा राहतो आणि मला चाचांचा आवाज ऐकू येतो, "बीएस्सी, घाई नको करू. निवडणूक कधी लागेल त्याचा विचार केलास?"

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. ओमानमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक सहमजवळच्या आमच्या भाजीच्या फार्मवर. समुद्र जवळ असल्यामुळे इथल्या विहिरींचं पाणी खारट होत चाललं आहे. ते गोडं करणारा प्लांट चाचा सांभाळायचे आणि पाणी तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावात शिकलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे कळल्यापासून चाचांनी माझं नाव कधी घेतलं नाही, "बीएस्सी"च म्हणाले. त्यात थोडी चेष्टा असायची, पण नव्या माणसाशी ओळख करून देताना तेच नाव ते इतक्या मोठ्याने उच्चारायचे की मला संकोच वाटायचा.

माझ्याशी ते शाळेतली मराठी सांभाळून बोलत. फोनवर घर लागलं की त्यांच्या गावची बोली सुरू व्हायची आणि मला निम्मीच कळायची. चालताना त्यांचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशात पासपोर्टची झेरॉक्स असे, चार घड्या घातलेली. परदेशातल्या मतदाराला मत द्यायला गावच्याच केंद्रावर जावं लागतं आणि तिथे मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी विचारलं, "मग झेरॉक्स कशाला, चाचा?"

"मूळ प्रत ऑफिसच्या कपाटात आहे. ही आठवण राहावी म्हणून."

कॅम्पच्या मेसमध्ये त्यांनी तुपाचा पाच किलोचा रिकामा डबा धुऊन ठेवला होता. झाकणाला पत्र्याच्या कात्रीने फट पाडलेली. शुक्रवारी दुपारी मटण की सुरमई, टीव्हीचा रिमोट कोणाकडे, मेसचा सेक्रेटरी कोण, असल्या सगळ्या गोष्टी त्या डब्यात चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. मोजणी गुरुवारी संध्याकाळी. पण डबा उघडा असायचा रविवारपासून, कारण कोणाची ड्युटी केव्हा, कोण ट्रक घेऊन मस्कतला गेलेला, याचा भरवसा नाही. जो गुरुवारी नसेल त्याने आधी टाकावं. ज्याला मेसपर्यंत येता येत नसेल त्याच्याकडे डबा जायचा. खाबुऱ्याला आमचं दुसरं छोटं फार्म होतं, तिथे सोलापूरकडचे दोघे जण राहत. त्यांच्या दोन चिठ्ठ्यांसाठी चाचा सुट्टीच्या दिवशी पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर डबा ठेवून, त्याला पट्टा लावून अर्धा तास जायचे नि अर्धा तास यायचे.

एकदा आमचा एक ड्रायव्हर पाय मोडून हॉस्पिटलात पडला होता. चाचा तिथेही डबा घेऊन गेले, मला साक्षीला नेलं. ड्रायव्हर कण्हत म्हणाला, "चाचा, मला पेजेवर ठेवलंय. मटण काय नि सुरमई काय, मला काय मिळणार आहे?"

"मत तुझ्या पोटाचं नाही, तुझं आहे," चाचा म्हणाले आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहिले, म्हणजे त्याला गुप्तपणे लिहिता यावं. मलाही त्यांनी खांद्याला धरून फिरवलं.

आमचा केरळचा कुक या सगळ्याला हसायचा. "चाचा, हमारे उधर लोग प्लेन भर के वोट देने जाता है. तुम डब्बा घुमाओ." चाचांना ते लागायचं. कारण प्लेन भरायला आमच्या भागात त्यांच्या गावचं दुसरं कोणी नव्हतंच.

त्यांना अधिक लागलं ते अर्बाबच्या बागेत. अर्बाब म्हणजे आमचे ओमानी मालक, वयाने चाचांच्याच बरोबरीचे. त्यांच्याकडे निवडणूक होती त्या दिवशी चाचा त्यांच्या बागेतला पंप दुरुस्त करत होते. अर्बाबने खुर्चीत बसूनच मोबाइल काढला, आपलं ओळखपत्र मोबाइलच्या पाठीला लावलं, चेहरा समोर धरला, दोनदा बोट टेकवलं आणि चाचांकडे बघून म्हणाले, "खलास." मुलगा बाहेरदेशी शिकायला होता, त्याने काही दिवस आधीच तिकडूनच मत दिलं होतं, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

चाचा परत आले ते प्लांटच्या पायरीवर बसून राहिले. मी काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाले, "चहा गार व्हायच्या आत झालं रे त्यांचं."

त्या संध्याकाळपासून अर्जांचं काम सुरू झालं. दर महिन्याला एक अर्ज मायदेशी, निवडणूक आयोगाकडे जायचा. चाचा सांगत, मी लिहीत असे. कॉम्प्युटरवर नको, हाताने, कारण हाताने लिहिलेलं माणूस वाचतो असं त्यांचं म्हणणं. मजकूर मला पाठ झाला होता. मतदानाचा दिवस एकच असतो. त्या दिवशी माणूस गावात असेलच असं नाही. तरी तारखेआधी पंधरा दिवस आम्हाला मत देण्याची सोय करावी. वकिलातीत पेटी ठेवावी किंवा पोस्टाने घ्यावं. सैनिकांचं घेता, तसं आमचंही घ्यावं, ही नम्र विनंती. एकदा मी "नम्र" गाळून पाहिलं. चाचांनी कागद परत केला. म्हणाले, "मागणी आहे म्हणून आवाज चढवायचा नाही. पण महिना चुकवायचा नाही."

उत्तर म्हणून कधीतरी अर्ज मिळाल्याची एक ओळ यायची. ती ते फाइलला लावायचे.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, आम्ही फिल्टर धूत असताना. पहिल्यांदा ओमानला निघाले तेव्हा मोठा भाऊ त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला होता. चाचा त्याला म्हणाले, पुढच्या निवडणुकीला येईन. भाऊ हसला. "तू पैसे पाठवत जा, मत आम्ही टाकतो." बरोबरचे सगळे हसले. चाचाही हसले होते म्हणे. मग ते फिल्टरवर पाणी मारत राहिले. मी हिशेब केला. तेव्हापासून एकाही मतदानाला ते गावात पोहोचले नव्हते. दर वेळी रजा आणि तारीख एकमेकांना चुकवून जायच्या. तारीख जाहीर होते ती महिना-दीड महिना आधी आणि रजा लिहून द्यावी लागते जानेवारीत.

म्हणून पुढची निवडणूक येणार होती त्याच्या आदल्या डिसेंबरातच त्यांनी तारखेचा अंदाज बांधायला सुरुवात केली. त्यांचा भाचा गावच्या शाळेत मास्तर होता आणि त्याच शाळेत मतदान केंद्र असायचं. चाचा त्याला दर आठवड्याला फोन करून विचारायचे, "शाळेत रॅम्प बांधला? लाइट दुरुस्त केली? तुमच्या परीक्षा कधी?" मागच्या वेळचं, त्याच्या मागच्या वेळचं सगळं एका वहीत मांडून शेवटी त्यांनी तक्त्यावर एका गुरुवारपासून रजा लिहिली. माझी रजा त्याच्या आधीच्या बुधवारपर्यंत होती. प्लांटवर आम्हा दोघांपैकी एक जण पाहिजेच, हा नियम.

तारखा जाहीर झाल्या त्या दिवशी चाचा मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आले. नुसता मोबाइल पुढे केला. त्यांच्या गावचं मतदान मंगळवारी होतं. त्यांची रजा गुरुवारपासून.

दोन दिवस.

मी त्यांच्याकडे बघितलं. तुझी रजा कापून घे, असं ते म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. ते का म्हणणार नाहीत, तेही माहीत होतं. माझे वडील माझ्याच शाळेत शिपाई होते. ते त्या महिनाअखेरीस निवृत्त होत होते, शाळेत निरोप समारंभ होता आणि मी त्यासाठीच रजा घेतली होती. मी कॅलेंडर पाहिलं. समारंभ मतदानाच्या बरोबर आठवडाभर आधी, मंगळवारीच होता. "चाचा, मी समारंभ करून शुक्रवारी परत येतो. तुम्ही शनिवारी निघा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग लगेच सोडून म्हणाले, "तुझा स्वतःचा फॉर्म भरलास का? परदेशातला मतदार म्हणून?" तो फॉर्म त्यांनीच मला छापून आणून दिला होता. तो माझ्या खणात वर्षभर पडून होता. मी मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी.

मी गावी पोहोचलो आणि दोन दिवसांत हेडमास्तरांचा निरोप आला. शिक्षकांना निवडणुकीच्या कामाचे हुकूम आले होते, शाळेच्या खोल्या केंद्रासाठी द्यायच्या होत्या आणि प्रशिक्षण नेमकं समारंभाच्याच आठवड्यात होतं. समारंभ पुढच्या रविवारी, म्हणजे मतदानाच्या दोनच दिवस आधी ठेवला होता. वडील म्हणाले, "तू जा बाबा ठरल्याप्रमाणे, त्यात काय एवढं." असं म्हणत त्यांनी इस्त्रीला दिलेला नवा शर्ट आणायला मलाच पाठवलं.

मी लाँड्रीच्या बाहेर उभं राहून चाचांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे प्लांटच्या मोटरचा आवाज येत होता.

"चाचा, मी येतो शुक्रवारी. तिकीट तसंच ठेवतो."

"स्टेजवर बसवणार त्यांना?"

"हो. खुर्चीवर. शाल देणार."

"किती वर्षं खुर्च्या मांडल्या त्यांनी त्या शाळेत?"

"बत्तीस."

"मग थांब," चाचा म्हणाले. "मी तिकीट बदलतो. तू सोमवारी ये. तू उतर, मी चढतो. पोहोचेन मी."

मी थांबलो. वडिलांनी भाषणात फक्त दोन वाक्यं म्हटली आणि त्यातलं एक माझ्याबद्दल होतं. मी टाळ्या वाजवत होतो आणि मनात तास मोजत होतो. रात्रभर बसने मुंबई, दुपारचं विमान, संध्याकाळी मस्कत. त्यानंतर चाचांचं विमान, पहाटे मुंबई, तिथून कोकण. सहा वाजता केंद्र बंद. कसंही मोजलं तरी मधे श्वास घ्यायला जागा उरत नव्हती.

त्यात मॅनेजर साहेबांनी नियम काढला होता. ताबा घेतल्या-दिल्याच्या रजिस्टरवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गेट पास नाही. सहमला येऊन सही करायची तर चाचांचं विमान जाणार. चाचा म्हणाले, "साहेब, रजिस्टरच विमानतळावर नेतो." साहेब वैतागून म्हणाले, "ले जाओ. लेकिन साइन दोनों का चाहिए." तेवढे पाच तास खाबुऱ्याचा एक माणूस प्लांटवर बसवला.

मी मस्कतला बाहेर आलो तर चाचा समोरच उभे. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ते जाडजूड हिरवं रजिस्टर छातीशी धरलेलं. पासपोर्ट खरा होता आता, झेरॉक्स नव्हती, आणि तो त्यांनी शर्टाच्या आत, बनियनच्या खिशात घातला होता. आम्ही ट्रॉलीवर रजिस्टर उघडलं.

"टाकी नंबर दोनचा व्हॉल्व्ह जरा गळतोय," चाचा म्हणाले.

"बघतो मी. तुम्ही सही करा."

"मीटर रीडिंग चार वाजताचं लिहिलंय. वाच."

"चाचा, सही करा!"

"वाचल्याशिवाय ताबा घेतात का बीएस्सी?"

मी वाचलं. त्यांनी सही केली, मी सही केली, त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "बाबांचा फोटो काढलास ना?" एवढं विचारून ते आत गेले. मी टॅक्सीत बसून निम्मा रस्ता आलो तेव्हा लक्षात आलं की रजिस्टर माझ्याकडे नाही. घाईत ते त्यांच्या बॅगेत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्यावर भरपूर ओरडले. मेमो देतो म्हणाले. मला काही ऐकू येत नव्हतं. मी दर तासाला मीटर वाचत होतो आणि दर तासाला भाच्याला फोन करत होतो. सकाळी आठला त्याने सांगितलं, मामू मुंबईहून बसमध्ये बसलेत, मतदानाला निघालेल्यांचीच एवढी गर्दी आहे की उभ्यानेच येतायत. अकराला म्हणाला, घाटात ट्रेलर उलटलाय, रांग हलत नाही. दीडला चाचांचा फोन लागेना. आजीचं मत झालंय, असं भाचा मधेच म्हणाला. चाचांच्या आईने वयाची पंच्याऐंशी ओलांडलेली, त्यामुळे तारखेच्या आधीच लोक घरी येऊन, खाटेपाशी पुठ्ठ्याचा आडोसा करून तिचं मत घेऊन गेले होते. तेव्हा तिने चाचांना फोनवर विचारलं होतं, "माझा झाला. तुझा काय?"

भारतात सहा म्हणजे आमच्याकडे साडेचार. साडेचारला मी प्लांटच्या पायरीवर बसलो होतो, चाचा बसायचे तिथेच. मला सारखं दिसत होतं की मी शुक्रवारी आलो असतो तर हा माणूस काल रात्री आपल्या घरी जेवला असता. कुक चहा ठेवून गेला. आज तो हसला नाही.

पाच वाजायला आले तेव्हा भाच्याचा फोन आला. तो हळू बोलत होता. "मामू आत्ताच उतरले. धावतच आले. पण गेट बंद झालं होतं. सहाच्या आत रांगेत असलेल्यांनाच चिठ्ठ्या दिल्यात, त्यांचंच घेतायत. मामू गेटवर उभे आहेत."

"काय म्हणतायत?"

"पासपोर्ट काढून हातात धरलाय, एवढंच. मोठे मामू म्हणाले, अरे आम्ही टाकलं ना, चल घरी. तरी हलत नाहीयेत."

चाचा महिन्याने परत आले. मी त्यांना घ्यायला रस्त्यापर्यंत गेलो. मी बोलायला सुरुवात केली, "चाचा, माझ्यामुळे..." त्यांनी हात वर करून थांबवलं.

"फोटो दाखव."

मी मोबाइलवर वडिलांचा फोटो काढून दिला. चाचांनी तो मोठा करून पाहिला, बराच वेळ.

"खुर्ची बरी दिलीय," ते म्हणाले. "हात असलेली."

मग त्यांनी बॅगेतून ते हिरवं रजिस्टर काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. साहेबांकडे नेण्याआधी पानं नीट आहेत ना ते मी पाहू लागलो. विमानतळावरच्या आमच्या सह्यांच्या खाली आणखी एक ओळ होती, निळ्या पेनाने, चाचांच्या अक्षरात. तारीख मंगळवारची. ठिकाण या रकान्यात त्यांच्या गावच्या शाळेचं नाव. वेळ, सहा वाजून वीस मिनिटं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "मी आलो होतो." ताबा देणारा, तिथे चाचांची सही. ताबा घेणारा, ती जागा रिकामी.

"हे काय, चाचा?"

"तिथे कोणी लिहून घेईना. म्हटलं, माणूस आला होता याची कुठेतरी नोंद पाहिजे. माझ्याकडे हेच होतं." मग जरा ओशाळून म्हणाले, "साहेब रागावतील, नाही?"

मी खिशातून पेन काढलं. पान ट्रॉलीवर नव्हतं, माझ्या गुडघ्यावर होतं, त्यामुळे सही वाकडी आली. पण त्या रिकाम्या जागेत ती मी केली.

चाचांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, सही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि मिटलं.

"वाचून केलीस ना?"

"हो."

"मग तो फॉर्म काढ खणातून," ते म्हणाले. "चल. आजच भरू."